घेरीचें मूळ शोधणारे डॉक्टर रॉबर्ट बारानी

फुगडी घालतांना हात सोडून एकदम उभें राहिलें म्हणजे काय होतें, हें आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलीस ठाऊक आहे. पाय थांबतात, पण अंगण थांबत नाहीं. भिंत, झाड, विहिरीचा काठ, सारें आपल्याभोंवतीं फिरत राहतें, आणि आपण खालीं बसलों नाहीं तर पडतों. जत्रेंतील आकाशपाळण्यांतून उतरणाऱ्या मुलांचीही तीच अवस्था होते. मुलांस ही गंमत वाटते. परंतु पहांटे अंथरुणावर नुसती कूस बदलतांच, कांहीं एक कारण नसतां, ज्याचें घर असें गरगर फिरूं लागतें, त्याला ती गंमत वाटत नाहीं. आपला अंतकाळ जवळ आला, असेंच त्या बिचाऱ्यास वाटतें. या दुःखाचें मूळ कोठें आहे हें ओळखण्याची सोपी व खात्रीची रीत ज्यांनीं जगास दिली, त्या डॉक्टर रॉबर्ट बारानी यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

घेरी, भोवळ, चक्कर अशीं या विकाराचीं अनेक नांवें आपल्या भाषेंत आहेत. आयुर्वेदांत त्यास भ्रम म्हणतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यांत एखाद्या घरीं कोणास घेरी आली, तर कोणी पित्त झालें म्हणतो, कोणी अशक्तपणा म्हणतो, आणि कोणी दृष्ट लागली किंवा बाहेरचें कांहीं लागलें असें समजून निंबू उतरावयास धांवतो. यांत केवळ आपणच अज्ञानी होतों असें नाहीं. युरोपांतील मोठमोठे डॉक्टरही एके काळीं घेरी म्हणजे मेंदूंत रक्त चढणें अथवा फेंफऱ्याचा एक प्रकार, असें मानून रोग्याचें रक्त काढीत असत.

या समजुतीस पहिला धक्का फ्रान्स देशांत बसला. १८२४ सालीं फ्लूरांस नांवाच्या शास्त्रज्ञानें कबुतराच्या कानाच्या अगदीं आंतील बारीक नळ्या कापून पाहिल्या, तेव्हां तो पक्षी बहिरा न होतां स्वतःभोंवतीं गरगर फिरूं लागला. पुढें १८६१ सालीं पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे डॉक्टर प्रोस्पेर मेनियेर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, ज्या रोग्यांस घेरीबरोबर कानांत आवाज होतो व कमी ऐकूं येऊं लागतें, त्यांचा रोग मेंदूंत नसून कानाच्या अंतर्भागांत आहे. परंतु समोर बसलेल्या जिवंत रोग्याचा तो अंतर्भाग धड आहे कीं बिघडलेला, हें बाहेरून कळावें कसें? तो भाग कवटीच्या अत्यंत कठीण हाडांत दडलेला. तेथें डोळा पोहोंचत नाहीं, बोट पोहोंचत नाहीं. हें कोडें आणखी चाळीस वर्षें तसेंच राहिलें.

रॉबर्ट बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजीं ऑस्ट्रियाची राजधानी विएन्ना येथें झाला. घराणें मूळचें हंगेरींतील यहुदी. वडील एका मोठ्या शेतीवाडीचे व्यवस्थापक होते. आई मारिया ही प्राग शहरांतील एका नामांकित विद्वानाची कन्या असून, घरांत विद्येची गोडी तिच्यामुळेंच नांदत होती. सहा भावंडांत रॉबर्ट हे थोरले. लहानपणींच त्यांस हाडांचा क्षयरोग जडला. जीव वांचला, परंतु एक गुडघा कायमचा ताठ होऊन बसला. एखादा मुलगा अशा व्यंगानें खचून गेला असता. रॉबर्ट मात्र त्याच पायानें टेनिस खेळले, डोंगर चढले, आणि प्राथमिक शाळेपासून विश्वविद्यालयापर्यंत वर्गांत पहिले राहिले. ज्यानें रोगाची यातना स्वतः भोगली त्यासच रोग्याची कळकळ अधिक असते. या आजारपणामुळेंच त्यांचें मन वैद्यकाकडे वळलें असावें, असें त्यांचे चरित्रकार मानतात.

१९०० सालीं विएन्ना विश्वविद्यालयाची वैद्यकीय पदवी मिळाल्यावर त्यांनीं कांहीं काळ जर्मनींत राहून अंतर्गत रोगांचें व मज्जातंतूंच्या रोगांचें ज्ञान मिळविलें. नंतर विएन्नास परत येऊन १९०३ सालीं ते प्रोफेसर पोलित्सर यांच्या कानाच्या रुग्णालयांत कामास लागले. पोलित्सर हे त्या काळीं कर्णवैद्यकांतील अग्रगण्य गुरु असून, त्यांच्याकडे शिकावयास देशोदेशींचे डॉक्टर येत.

तेथील नित्याचें काम फारसें मानाचें नव्हतें. कान वाहणारे रोगी रांगेनें बसत, आणि तरुण डॉक्टरांनीं पिचकारीनें त्यांच्या कानांत पाणी सोडून ते धुवावे, असा क्रम होता. कान धुतांना पुष्कळ रोग्यांस घेरी येई. ही गोष्ट सर्व डॉक्टरांस ठाऊक होती, आणि ठाऊक असल्यामुळेंच तिच्याकडे कोणी विशेष लक्ष देत नसे. बारानी यांनीं मात्र घेरी आलेल्या रोग्याच्या डोळ्यांकडे पाहण्याचा परिपाठ ठेविला. त्यांस असें दिसून आलें कीं, घेरी चालूं असेपर्यंत रोग्याचे डोळे स्थिर नसतात. ते एका बाजूस हळूहळू सरकतात आणि झटक्यानें परत येतात. अशीं सुमारें वीस टिपणें त्यांनीं लिहून ठेविलीं व एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां डोळ्यांचे हे झटके सर्वांत सारख्याच प्रकारचे आढळले. कारण मात्र उमगेना.

अशांत एके दिवशीं एका रोग्यानें त्यांस सहज सांगितलें कीं, पाणी पुरेसें ऊन नसलें म्हणजेच मला घेरी येते. घरीं मी चांगल्या ऊन पाण्यानें कान धुतों, तेव्हां कांहीं होत नाहीं. बारानी यांनीं परिचारिकेस पाणी अधिक ऊन करून देण्यास सांगितलें. पाणी योग्य तेवढें ऊन आहे, असें तिचें म्हणणें पडलें. परंतु रोग्यास तें गार वाटत असेल तर आपण त्याचेंच ऐकलें पाहिजे, असें बारानी यांनीं ठरविलें. पुढच्या खेपेस पाणी फारच कढत आलें. रोगी ओरडला कीं, आतां पाणी भाजतें आहे आणि घेरीही आली आहे! बारानी यांनीं लगोलग त्याचे डोळे पाहिले. झटके होते, पण नेहमींच्या अगदीं उलट दिशेस होते.

त्याच क्षणीं त्यांच्या मनांत लख्ख प्रकाश पडला. घेरी पाण्याच्या धारेनें येत नव्हती, पाण्याच्या ऊन-गारपणानें येत होती. मग शरीराइतक्याच उष्णतेचें, म्हणजे सुमारें ३७ अंशांचें, पाणी वापरून पाहिलें असतां घेरी आली नाहीं व डोळेही हालले नाहींत.

आतां असें कां व्हावें? स्नानाचा बंब पेटविला म्हणजे त्याचा वरचा भाग हातास चटका देतो, पण खालचा बराच वेळ गार राहतो, हें बंब वापरणाऱ्या घरांतील मुलांस माहीत असतें. ऊन झालेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, व गार पाणी जड असल्यामुळें खालीं राहतें. बारानी यांसही बंबाचीच आठवण झाली. आपल्या प्रत्येक कानाच्या आंत, ऐकण्याच्या शंखाकृति भागास लागून, कमानीसारख्या वांकलेल्या तीन सूक्ष्म नळ्या आहेत. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशा मिळतात, तशा त्या तीन निरनिराळ्या दिशांस मांडलेल्या आहेत. त्यांत पाण्यासारखा रस भरलेला असतो. आपण मान फिरविली म्हणजे नळी फिरते, पण आंतील रस क्षणभर मागें रेंगाळतो व तेथील नाजूक केसांस वांकवितो. केसांखालील पेशींपासून निघणारे मज्जातंतु मेंदूस वर्दी देतात कीं, डोकें अमुक दिशेस फिरलें. मेंदू लगेच डोळ्यांस आज्ञा करून दृष्टि स्थिर ठेवितो. फुगडी थांबली तरी रस कांहीं वेळ वाहत राहतो, म्हणून थांबलेलें अंगण फिरतांना दिसतें. कानांत गार पाणी गेलें म्हणजे जवळच्या नळींतील रस गार व जड होऊन खालीं उतरतो, ऊन पाण्यानें तो वर चढतो. शरीर स्थिर असूनही मेंदूस खोटी वर्दी जाते, आणि घेरी येते.

हें अनुमान खरें असेल, तर डोकें उलट्या स्थितींत धरल्यावर रसाचा ओघही उलटला पाहिजे व डोळ्यांचे झटकेही उलटले पाहिजेत. बारानी यांनीं तसें करून पाहिलें, आणि तसेंच झालें. १९०६ च्या सुमारास त्यांनीं हें संशोधन प्रसिद्ध केलें.

विद्यार्थ्यांस वाटेल कीं, यांत एवढें मोठें काय आहे? त्या काळीं पेनिसिलिन नव्हतें. वाहत्या कानांतील पू आंत शिरून या नळ्यांचा नाश करी, तेथून मेंदूच्या आवरणास पोहोंचे, आणि रोगी दगावे. शस्त्रक्रिया करावी कीं न करावी, किती खोल करावी, हें ठरविण्यास शस्त्रवैद्याजवळ खात्रीचें साधन नव्हतें. बारानींच्या परीक्षेनें तें दिलें. गार पाणी सोडल्यावर डोळे हालले, तर नळ्या जिवंत आहेत. मुळींच न हालले, तर तो भाग निकामी झाला आहे. दोन वाट्या पाणी व दोन सावध डोळे एवढ्या भांडवलावर माणसांचे प्राण वांचूं लागले. फिरत्या खुर्चींत रोग्यास बसवून व एकाएकीं थांबवून परीक्षा करण्याची रीतही त्यांनीं बसवून दिली. ती खुर्ची आजही त्यांच्या नांवानें ओळखली जाते. ऊन-गार पाण्याची परीक्षा तर जगभरच्या रुग्णालयांत अद्यापि चालूं आहे.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. ताठ गुडघ्याच्या माणसास रणांगणावर जाण्याची कोणी सक्ती केली नसती. परंतु बारानी आपण होऊन सैन्याच्या शुश्रूषेस गेले, व प्शेमिश्ल नांवाच्या किल्ल्यांत जखमी शिपायांवर शस्त्रक्रिया करूं लागले. गोळी लागून मेंदूस झालेल्या ताज्या जखमा कशा बऱ्या कराव्या, याचाही त्यांनीं तेथें अभ्यास केला. मार्च १९१५ मध्यें वेढ्यानें जेर झालेला किल्ला रशियनांच्या हातीं पडला, आणि बारानी युद्धकैदी झाले. त्यांस मध्य आशियांतील मर्व्ह या ठिकाणीं पाठविण्यांत आलें. हें ठिकाण आजच्या तुर्कमेनिस्तान देशांत आहे. तेथें त्यांस हिंवतापानें गांठलें. बरें वाटूं लागतांच त्यांनीं हातीं आलेलें काम पत्करिलें, आणि सोबतच्या कैद्यांची व तेथील रहिवाशांची सारख्याच आस्थेनें चिकित्सा केली. शत्रु कोण व शेजारी कोण, हा प्रश्न त्या खाटेपाशीं उरला नाहीं. प्रभूनें सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याची येथें कोणास आठवण होणार नाहीं?

अशा बंदिवासांत असतां १९१५ च्या शरदृतूंत बातमी आली कीं, १९१४ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक डॉक्टर बारानी यांस देण्याचें ठरलें आहे. जगांतील श्रेष्ठ बहुमान ज्यास मिळाला, तो कैद्यांच्या छावणींत होता! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनीं रेडक्रॉसच्या वतीनें रशियाच्या झारकडे रदबदली केली, आणि १९१६ सालीं बारानी सुटले. त्याच वर्षीं स्टॉकहोम येथें स्वीडनच्या राजाच्या हस्तें त्यांनीं पारितोषिक स्वीकारलें.

परंतु सर्वांत कडू घोट अद्यापि यावयाचा होता. विएन्नास परत आल्यावर स्वागताऐवजीं त्यांच्या वांट्यास आरोप आले. इतरांच्या शोधांचा आधार घेऊन त्यांचा पुरेसा उल्लेख केला नाहीं, असें त्यांच्याच बरोबरीचे डॉक्टर म्हणूं लागले. स्वीडनमधील प्रमुख कर्णवैद्य त्यांच्या बाजूनें उभे राहिले, पण जन्मभूमींतील माणसांनीं केलेली जखम भरून आली नाहीं. १९१७ सालीं बारानी स्वीडनमधील उप्साला येथें गेले, व तेथील विश्वविद्यालयांत कर्णरोगांचें काम चालवूं लागले. परक्या देशांत, परक्या भाषेंत, चाळिशी उलटल्यावर त्यांनीं नवा संसार मांडला. पत्नी इडा, दोन मुलगे व एक मुलगी असें त्यांचें कुटुंब होतें. तिन्ही मुलें पुढें वैद्यकांतच नांवारूपास आलीं. फावल्या वेळीं पियानो वाजविणें हा त्यांचा विरंगुळा असे.

उप्सालाच्या काळांत, १९२१ सालीं, त्यांनीं एका विशिष्ट घेरीचें वर्णन प्रसिद्ध केलें. डोकें एका ठराविक बाजूस कलतें झालें कीं ही घेरी येते, थोडा वेळ टिकते, व आपोआप थांबते. त्या वेळीं या टिपणाचें महत्त्व फार थोड्यांस कळलें. पुढें १९५२ सालीं लंडनमध्यें मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनीं तिची परीक्षा निश्चित केली. कानाच्या आंतील एका भागांत चुनखडीसारखे अतिसूक्ष्म कण असतात. ते सुटून कमानदार नळींत शिरले म्हणजे प्रत्येक हालचालीबरोबर रस ढवळतात, हें तिचें कारण होय. अमेरिकेंतील डॉक्टर जॉन एप्ली यांनीं रोग्याचें डोकें क्रमाक्रमानें ठराविक स्थितींत फिरवून ते कण नळीबाहेर काढण्याची रीत शोधली, व १९९२ सालीं ती सविस्तर प्रसिद्ध झाली. या रीतीनें पुष्कळ रोग्यांस एक-दोन वेळांत, शस्त्रावांचून व औषधावांचून, आराम पडतो. अंथरुणावर कूस बदलतांच ज्यांचें घर फिरतें, त्यांपैकीं बहुतेकांचा रोग हाच असतो.

बारानी यांचें एक अनुमान मात्र पुढें अपुरें ठरलें. १९८३ सालीं अंतराळांतील स्पेसलॅब या प्रयोगशाळेंत त्यांच्या परीक्षेची पुनरावृत्ति करण्यांत आली. तेथें वजनच नाहीं, म्हणून जड-हलकें हा भेद नाहीं. बंबाच्या न्यायानें तेथें डोळे हालूं नयेत. तरीही ते हालले. म्हणजे उष्णतेचें कार्य आणखी दुसऱ्या मार्गानेंही होतें. पण यांत बारानी यांस कमीपणा कांहींच नाहीं. अनुमानें सुधारत जातात. डोळ्यांनीं नीट पाहून प्रामाणिकपणें लिहिलेलें टिपण मात्र कायम राहतें.

८ एप्रिल १९३६ रोजीं, साठावा वाढदिवस अवघ्या चौदा दिवसांवर असतां, उप्साला येथें डॉक्टर बारानी यांचें देहावसान झालें. घेरीच्या विकारांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांची जी जागतिक संस्था १९६० सालीं स्थापन झाली, तिनें त्यांचेंच नांव धारण केलें आहे.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? प्रथम आईबापांसाठीं चार शब्द. रोवणीच्या दिवसांत बांधींत तासन्‌तास वांकून काम केल्यावर एकदम उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधारी येते, ती बहुधा रक्ताचा दाब क्षणभर उतरल्यामुळें. पोटांत अन्न-पाणी कमी असलें किंवा अंगांत रक्त कमी असलें तर ती अधिक येते. ही कानाची घेरी नव्हे. कूस बदलतांना येणारी व मिनिटभरांत थांबणारी घेरी बहुधा कणांची असते. घेरीबरोबर कान वाजत असेल व कमी ऐकूं येत असेल, तर मेनियेर यांनीं वर्णन केलेल्या रोगाची शंका घ्यावी. परंतु घेरीबरोबर बोबडी वळली, तोंड वांकडें झालें, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, एकाच्या दोन वस्तू दिसूं लागल्या, कधीं नव्हे असें तीव्र डोकें दुखूं लागलें किंवा उभेंच राहवेना, तर तो मेंदूचा झटका असूं शकतो. तेथें निंबू उतरण्यांत घालविलेली प्रत्येक घटका घातक आहे. रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. साध्या घेरींतही डोकें फिरविण्याची रीत ऐकीव माहितीवर घरीं करूं नये. कोणता कान व कोणती नळी, हें डॉक्टरांनीं आधीं पाहिलें पाहिजे. घेरीच्या गोळ्याही मनानें महिनोन्‌महिने चालूं ठेवूं नयेत.

मुलांसाठीं एक इशारा आहे. आपला जिल्हा तलावांचा. ज्याचा कान वाहतो किंवा ज्याच्या कानाचा पडदा फाटला आहे, त्यानें मालगुजारी तलावांत उडी मारूं नये. गार पाणी आंत शिरतांच बारानींच्या रोग्यांप्रमाणें त्यासही घेरी येईल, पण तेथें खुर्ची नसेल, परिचारिका नसेल. वर कोणती दिशा व खालीं कोणती, हेंच पाण्यांत कळेनासें होईल.

आणि शेवटची गोष्ट आपणां सर्वांसाठीं. हजारों डॉक्टरांनीं हजारों कान धुतले होते. घेरी आल्याची तक्रार सर्वांनीं ऐकली होती. बारानी यांनीं मात्र एका साध्या रोग्याचें बोलणें खरें मानलें, आणि पाणी बदलून पाहिलें. त्या रोग्याचें नांव इतिहासांत राहिलें नाहीं, तथापि नोबेल पारितोषिकाचा पहिला धागा त्याच्याच तोंडून निघाला. आपल्या घरीं आजी म्हणेल कीं, बाळ, माझें घर फिरतें, तर तिला हसूं नये, आणि घाबरूनही जाऊं नये. तिच्याजवळ बसावें. केव्हां येते, कोणत्या कुशीवर येते, किती वेळ टिकते, हें विचारावें, लिहून घ्यावें, व तें टिपण घेऊन तिला डॉक्टरांकडे न्यावें. दुःखिताचें म्हणणें आदरानें ऐकून घेणें हीच सेवेची पहिली पायरी होय, आणि देवानें ती लहानमोठ्या सर्वांच्या आवांक्यांत ठेविली आहे.